उटकटारीचं देवक

माझ्या भावानं आमच्या दारावर सिंह टांगला, तेव्हा माझ्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती अजून पुरती उतरलेली नाही. सिंह खरा नव्हे, फ्लेक्सवरचा. परभणीहून छापून आणलेला, दारापेक्षा उंच, लालभडक, जीभ बाहेर काढून मागच्या पायांवर उभा, पंजात तलवार. वर मुकुट. खाली एक पट्टी, तिच्यावर कुठल्यातरी मेलेल्या भाषेतले शब्द, आणि सगळ्यात खाली इंग्रजीत आमचं आडनाव. भावाच्या पोरीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. भाऊ, भावजय, पोरगी, सगळी मंडळी ऑस्ट्रेलियाहून पूर्णेला आली होती, नाताळ धरून. आई ओट्यावर वाटाणे सोलत बसली होती. तिनं मान वर करून बघितलं.

"हे काय रे? सर्कस आली का गावात?"

"आई, हे आपल्या खानदानाचं निशाण हाय," भाऊ म्हणाला. "कोट ऑफ आर्म्स म्हणतात."

"आपल्या?" आई एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.

आमचं आडनाव मी इथं सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, पूर्णेत आजवर कुणाला ते धड म्हणता आलेलं नाही. ते स्कॉटलंडचं आहे. माझ्या वडिलांचे आजोबा निजामाच्या रेल्वेचे रूळ टाकायला तिकडून आले, इकडचीच बायको केली आणि इकडच्याच मातीत गेले. त्यांच्या पोराचं पोर म्हणजे माझे वडील, आमचे डॅडी, रेल्वेत गार्ड. रंगानं आमच्या शेजारच्या पाटलापेक्षा सावळे, बोलणं अस्सल पूर्णेचं, आणि नाव मात्र हे असं. लोकांनी त्यावर साधा उपाय काढला. ते गार्डसाहेब, आम्ही गार्डसायबाची पोरं. मी पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला लागले तरी मुलं म्हणायची, गार्डसायबाच्या बाई. माझी त्याला कधी हरकत नव्हती. हरकत असते ती, "मंग तुमी मूळचे कुठले?" या प्रश्नाला. मूळचे म्हणजे काय? इथं जन्मले, इथल्या विहिरीचं पाणी प्याले, इथल्या शेंगा खाल्ल्या. अजून किती मूळ पाहिजे? उपटून बघता का?

आई चुडाव्याकडच्या एका गावातली, चांगल्या शेतीवाडीच्या घरची. आजोळी जायला चुडाव्याला गाडीत बसायची, आणि गाडीच्या शेवटच्या डब्यात हिरवा झेंडा घेऊन डॅडी उभे असायचे. पुढचं सांगायला नको. तिच्या बापानं आणि भावांनी गावच्या ओढ्यावर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली. जिवंत लेकीच्या नावानं! लोक ही गोष्ट म्हणीसारखी बोलतात, यांनी खरोखर कपडे काढून, डोक्यावरून पाणी घेऊन केली. त्यानंतर आईच्या माहेरचं माणूस आमच्या दारात आलं नाही, आणि पूर्णेच्या बाजारात समोर आलंच तर भाजीच्या ढिगाकडं बघायला लागायचं. मला ती माणसं अजून दिसली तरी माझी जीभ वळवळते.

आता देवक. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण भावाच्या पोरीला सांगावं लागलं, म्हणून सांगते. प्रत्येक कुळाचं एक देवक असतं. कुणाचं कळंबाचं झाड, कुणाचं वेळू, कुणाचं मोराचं पीस. ज्याचं जे देवक ते त्यानं तोडायचं नाही, जाळायचं नाही, पायाखाली घ्यायचं नाही. तोडायचं ते फक्त घरात लग्न असेल तेव्हा, तेही हळद-कुंकू वाहून, माफी मागून. नवरीच्या किंवा नवऱ्याच्या आईबापानं पदराला गाठ मारून, हातात कुऱ्हाड घेऊन, वाजतगाजत जाऊन डहाळी आणायची आणि मांडवाच्या खांबाला बांधायची. ती आली की मांडव खरा. आणि बाईचं असं असतं की लग्न झालं की माहेरचं देवक सुटलं, नवऱ्याचं ते तिचं.

आईच्या माहेरचं देवक कळंब. ते सुटलं. मग नव्या घरात आल्यावर तिनं डॅडींना विचारलं, "गार्डसाहेब, तुमचं देवक काय?"

डॅडींना देवक म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तिनं समजावून सांगितलं. ते बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले, मग उठले, आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली आणि तळातून एक पितळी बिल्ला काढून तिच्या हातावर ठेवला. टोपीला लावायचा असावा. त्याच्यावर एक फूल होतं, काट्यांचा गोल चेंडू आणि खाली काटेरी पानं.

"आमच्याकडं निशाणी म्हणून एवढंच हाय बघ," ते म्हणाले.

आईनं बिल्ला उजेडात धरला. "अवो, ही तर उटकटारी!"

उटकटारी तुम्ही पाहिली असेल, नाव माहीत नसेल. पडीक रानात, रुळाच्या कडेनं उगवते. पावसाळा सरला की तिला निळसर पांढरे काटेरी चेंडू येतात. शेळीसुद्धा तोंड लावताना विचार करते. त्या दिवसापासून आमच्या घराचं देवक उटकटारी. आम्ही पोरं घराच्या मागं खेळायचो तेव्हा आईची ताकीद असायची, चेंडू गेला तर जाऊ द्या, उटकटारीला पाय लागला तर पाठीत धपाटा बसंल. नुकतं बोलायला लागलेला माझा भाऊही तिला हात जोडायचा. पाय चुकून लागला तर आपलाच कान धरायचा. हे तो विसरला असं तो म्हणतो. मी नाही विसरले.

माझ्या लग्नात देवक आणायला डॅडी गार्डाच्या ड्रेसवर गेले, कारण ड्यूटीवरून परस्पर आले होते. काळा कोट, पांढरी पँट, खांद्यावर कुऱ्हाड आणि कोटाच्या बटणाला आईच्या पदराची गाठ. डोक्यावर चौघींनी धोतर धरलेलं, पुढं हलगी. सगळा प्लॅटफॉर्म बघायला आला होता. लोक मारुतीच्या देवळात देवक नेतात, आम्ही चर्चच्या पायरीवर टेकवलं. आमचे पाद्रीबाबा नेमके त्याच वेळी सायकलची हवा तपासायला खाली वाकले आणि देवक पुढं जाईपर्यंत वाकलेलेच राहिले. डॅडींनी उटकटारी खांबाला बांधली, हाताला काटे टोचले, आणि आईकडं बघून हसले. त्या दिवशी आईच्या तोंडावर जे तेज होतं ते नवरीच्याही नव्हतं. मला जरा रागच आला होता.

असं घर. त्यात हा सिंह. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

झालं काय की भाऊ लग्नाआधी बायकोला घेऊन स्कॉटलंड फिरून आला. तिथं एका दुकानात आडनाव सांगितलं की माणूस यंत्रात टाकतो आणि आतून निशाण छापून येतं, कपावर पाहिजे तर कपावर, टॉवेलवर पाहिजे तर टॉवेलवर. याला सिंह आला. त्या दुकानदारानं याला आडनावाची कहाणीही सांगितली, सरदार काय, लढाया काय. आल्यापासून तो तेच घोळवत होता. "अक्का, आपण साधे न्हाई. आपल्या रक्तात तलवार हाय."

"तुझ्या रक्तात साखर हाय," मी म्हणाले. "डॉक्टरानं सांगितलंय ना, भात कमी कर."

आणि ही पट्टीवरची भाषा? त्याचा अर्थ म्हणे, सावध राहा. आई म्हणाली, "ते तर फाटकावरबी लिव्हलेलं असतंय." मला हसू आलं, भावाला नाही आलं.

इथपर्यंत मी सोसलं. पोरीचं लग्न, कशाला तोंड वाजवा. पण दुसऱ्या दिवशी मी बाजारातून फुलांची ऑर्डर देऊन परत आले, तर घरामागचं रान तळहातासारखं सपाट. जेसीबी परत निघाला होता. मांडवासाठी जागा मोकळी करायची म्हणून भावानं बोलावला होता. आई दर पावसाळ्यानंतर त्या जागेतलं सगळं गवत काढून घ्यायची आणि उटकटारी तेवढी उभी ठेवायची, सगळ्यांना माहीत होतं. तिचा आता ढीग झाला होता, मातीत मुळं वर करून, निळे चेंडू चेपलेले. आई ओट्यावर बसली होती. हात मांडीवर, ओंजळ रिकामी.

"मी त्याला म्हणलं, बाबा, ती राहू दे," आई मला म्हणाली. "तर म्हणायलाय, आई, काटे हायत, पाव्हण्यांच्या पायात जातील."

पाव्हण्यांच्या पायात! मी पिशवी तिथंच टाकली. मी गप्प बसणारी बाई नाही आणि त्या दिवशी तर मला कुणी गप्प करूही शकलं नसतं. मी भावाला अंगणात उभं करून विचारलं, तुला आईचं देवक माहीत नव्हतं? लहानपणी कान कुणी धरला होता? तो म्हणाला, "अक्का, कशाचं देवक? रानातलं गवत हाय ते. लोक हसतील. माझे व्याही विमानानं आलेत."

"विमानानं आलेल्याला पाया पडायला रान सपाट करतूस, अन् जन्म दिलेलीला इचारत न्हाईस?"

तेवढ्यात आई उठली. शांतपणे म्हणाली, "देवक न्हाई तर मांडव न्हाई. तुमचं तुमी करा. मी खोलीच्या भाईर येत न्हाई." आणि दार लावून घेतलं.

मग नुसता गोंधळ. भाऊ म्हणतो, म्हातारपण आहे, उद्या विसरेल. भावजय बिचारी कधी या दाराशी, कधी त्या दाराशी. आणि नवरी, माझी भाची, पायरीवर बसून फोनमध्ये काहीतरी शोधत होती. तिनं वर बघितलं आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आत्या, हे सिंह आपलं नाहीच आहे."

"काय?" भाऊ ओरडला.

तिनं वाचून दाखवलं. स्कॉटलंडच्या कायद्यात असं निशाण आडनावाला मिळतच नाही. एका माणसाला मिळतं, आणि त्याच्यामागं त्याच्या वारसाला. बाकीच्यांचं आडनाव तेच असलं तरी त्यांनी ते आपलं म्हणून लावायचं नाही. म्हणजे सातबारा एकाच्या नावावर, आणि माझा भाऊ धुऱ्यावर, परक्याच्या बांधावर, उभा राहून फोटो काढायलाय! आणि आडनावाचा अर्थ? ओढ्याच्या वळणावरचं एक गाव होतं, त्या गावची माणसं ती या आडनावाची. बस्स. सरदार नाही, लढाई नाही. मानवतचा तो मानवतकर, तसंच. मला इतका आनंद झाला की मी तो लपवलाही नाही.

"अजून आहे," भाची म्हणाली. "पूर्वी तिथं प्रत्येक कुळाचं एक झाड असायचं. त्याची डहाळी टोपीत खोवायची. कोण कुणाचं ते कळायला."

मी कपाळावर हात मारला. देवक! साता समुद्रापलीकडं, आणि देवक! आईला ना शाळा ना फोन, आणि तिनं एक बिल्ला बघून ओळखलं होतं.

पण भावानंही त्यातला 'झाड' हा एक शब्द तेवढा उचलला. पोरीच्या हातातून फोन घेऊन खाली खाली वाचत गेला आणि जिंकल्यासारखा आईच्या दारापुढं जाऊन उभा राहिला. "आई, ऐक. ते काटेरी फूल आपल्या कुळाचं न्हाईच. ते त्यांच्या सगळ्या देशाचं हाय. तिकडं पोलिसाच्या टोपीवर, बिस्किटाच्या डब्यावर, सगळीकडं तेच. आपलं झाड दुसरंच कायतरी हाय. तू इतकी वर्षं उगाच..."

दार उघडलं. आई चौकटीला धरून उभी होती. तिला मी अशी कधी पाहिली नव्हती.

"उगाच?" ती म्हणाली. "सगळ्या मुलखाचं हाय म्हणतूस, मंग तुझ्या बापाचं कसं न्हाई? मी इचारलं, त्यानं ट्रंक उघडून माझ्या हातात दिलं. माझ्यासाठी तेच खरं. माझ्या बापानं माझ्या नावानं आंघोळ करून माहेरचं देवक काढून घेतलं. सासरचं आज तू मशीन लावून काढलंस. आता मी कोणाची, तेवढं सांग. तुझ्या फोनात असंल तर बघून सांग."

 भावाच्या हातातला फोन उजळलेलाच होता, तो विझेपर्यंत तो त्याच्याकडं बघत राहिला. पहिली हलली ती माझी भावजय. जन्म ऑस्ट्रेलियातला, हिंदी मोडकी, मराठीचे चारच शब्द येतात, पण देवकाचं मी पोरीला सांगत होते तेव्हा तिनं ऐकलं होतं. तिनं गळ्यातली ओढणी काढली, एक टोक आपल्या हाताला गुंडाळलं आणि दुसऱ्याची भावाच्या शर्टाच्या बटणाला गाठ मारली. मला म्हणाली, "दीदी, कुल्हाडी किदर है?"

मी कुऱ्हाड दिली. हळद-कुंकवाची वाटीही दिली. मी लेक आहे, माझं देवक सासरचं, मला आणता येत नाही. पण मागून जायला कुणी अडवत नाही, म्हणून गेले.

सोपं वाटलं होतं. उटकटारी, ती काय, पावलोपावली मिळेल. कसली मिळते! रुळाच्या कडेला तारेचं कुंपण झालंय आणि आतलं गवत औषध मारून जाळलेलं. पलीकडच्या रानात हरभरा, कापूस, ऊस, बांधसुद्धा फवारलेले. जिथं तिथं लोकांनी काटे काढून टाकलेत. शर्टाला गाठ, खांद्यावर कुऱ्हाड, असा माझा भाऊ दुपारच्या उन्हात धुंडत होता आणि रस्त्यानं जाणारे मोटारसायकली थांबवून बघत होते. एकानं विचारलं, "काय हारपलं?"  मला कीव आली नाही. फिर म्हटलं, अजून फिर.

शेवटी मीच म्हणाले, "एका जागी हाय. मला ठावं हाय. पण तिथं तुला स्वतःहून जायला पायजे होतं, आल्या आल्या."

त्याला कळलं. तो वळला.

रेल्वेच्या कब्रस्तानात डॅडींची कबर आहे, कोपऱ्यात, कडुनिंबाखाली. ते गेले तेव्हा भाऊ आला नाही, सुटी नव्हती. कबरीवर दगड नाही. मी लावत होते, तर हा फोनवर म्हणाला, अक्का, थांब, मी चांगला लावतो, आपलं निशाण कोरून. त्या निशाणापायी माझा बाप इतकी वर्षं नुसत्या मातीखाली. तिथला माणूस साफसफाई करायला आला की आई त्याला एकच सांगायची, बाकीचं काढ, एवढं राहू दे. भावानं ते पहिल्यांदा पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत सगळी कबर उटकटारीनं भरलेली, चेंडूच चेंडू, निळे, वाऱ्यानं हलत नव्हते इतके दाट.

तो गुडघ्यावर बसला. गाठ बांधलेली असल्यामुळं भावजयीलाही बसावं लागलं. त्यानं हळद-कुंकू वाहिलं. माफी मागायची असते, हे मला सांगावं लागेल असं वाटलं होतं. नाही लागलं. त्यानं स्वतःचा कान धरला. लहानपणी धरायचा तसाच, डाव्या हातानं उजवा. मग बराच वेळ कुऱ्हाड उचललीच गेली नाही. मी तिकडं पाठ करून उभी राहिले, कारण माझा राग मला अजून पाहिजे होता.

घरी आलो तेव्हा आई दारातच बसली होती. भावाच्या दोन्ही हातांतून रक्त येत होतं आणि त्यानं डहाळी कापडात धरली नव्हती. फ्लेक्स त्यानं येता येता एका हातानं ओढून काढला, तो अंगणात पडला, सिंह उताणा. आईनं तिकडं बघितलं नाही. तिनं चेंडूवरून बोट फिरवलं.

"कुठं घावली रे? रान तर सगळं साफ झालंय."

"डॅडीकडं," भाऊ म्हणाला. 

 आई भिंतीला धरून उठली, पदर खोचला आणि मांडवाच्या खांबाकडं चालायला लागली.

"मंग बरुबर हाय," ती म्हणाली. "पहिल्याबारीबी त्यानंच दिलती."